रेडिओ-नियंत्रित हायड्रोप्लेन (सरळ रेषेतील वेगासाठी जुळणी)

रेडिओ-नियंत्रित हायड्रोप्लेन ही दूरनियंत्रकाने चालवली जाणारी, आकाराने लहान अशी वेगवान प्रतिकृती नौका होय. पुरेसा वेग घेतल्यावर ही नौका पाण्यात तरंगत नाही. ती पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाते. त्या अवस्थेत तिचा पाण्याशी केवळ तीन ठिकाणी संपर्क राहतो : पुढच्या बाजूचे दोन स्पॉन्सन (पार्श्वतराफे) आणि मागच्या बाजूचा अर्धवट बुडालेला प्रोपेलर (मळसूत्री पंखा). ठरावीक अंतर सरळ रेषेत कमीत कमी वेळात कापण्यासाठी अशा नौकेचा तोल, कोन, प्रोपेलर आणि शक्तिस्रोत यांचा परस्पर मेळ बसवण्याच्या क्रियेस जुळणी असे म्हणतात. बंदिस्त मार्गावरील शर्यतीत वळण घेण्याची क्षमता महत्त्वाची असते. सरळ रेषेतील वेगचाचणीत मात्र पाण्याचा रोध शक्य तितका कमी करणे आणि तरीही नौका हवेत उलटू न देणे, या दोन परस्परविरोधी गरजांचा समतोल साधावा लागतो.

## इतिहास

नौकेने पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावरून घसरत जावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. चार्ल्स मीड रेमस या इंग्रज धर्मगुरूने १८७०च्या दशकात पायरीदार तळाच्या नौकेची योजना ब्रिटिश नौदलापुढे मांडली. विल्यम फ्रूड यांनी प्रतिकृतींच्या साहाय्याने तिची तपासणी केली. त्या काळची वाफेची इंजिने त्यांच्या शक्तीच्या मानाने फार जड असल्याने ती योजना व्यवहारात येऊ शकली नाही. हलकी पेट्रोल इंजिने उपलब्ध झाल्यावर हे चित्र बदलले. जॉन थॉर्निक्रॉफ्ट यांच्या १९१०मधील 'मिरांडा ४' या पायरीदार नौकेने सुमारे ३५ नॉट, म्हणजे ताशी ६५ किमीच्या आसपास वेग गाठला.

तीन बिंदूंवर टेकणाऱ्या रचनेचा विकास १९३०च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात अ‍ॅडॉल्फ अ‍ॅपेल यांच्या व्हेंटनर बोट वर्क्समध्ये झाला. माल्कम कॅम्पबेल यांनी ही रचना स्वीकारून १९ ऑगस्ट १९३९ रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवरात 'ब्लूबर्ड के४' या नौकेतून ताशी १४१.७४ मैल (२२८.१ किमी) वेगाचा विक्रम केला. २६ जून १९५० रोजी सिअ‍ॅटलजवळील लेक वॉशिंग्टनमध्ये 'स्लो-मो-शन ४' या नौकेने तो मोडून ताशी १६०.३२ मैल (२५८ किमी) वेग नोंदवला. टेड जोन्स यांनी आखलेल्या या नौकेची मागची बाजू वेगात असताना केवळ प्रोपेलरच्या आधारावर उचललेली राहत असे आणि प्रोपेलरचा वरचा अर्धा भाग पाण्याबाहेर फिरत असे. आजच्या प्रतिकृती हायड्रोप्लेनमध्ये हेच तत्त्व वापरले जाते.

पुढील काळात विक्रमी नौकांमध्ये जेट इंजिने आली. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 'ब्लूबर्ड के७' या नौकेतून १९५५ ते १९६४ या काळात अनेक विक्रम केले. ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन सरोवरात ताशी ३०० मैलांची मर्यादा ओलांडण्याच्या प्रयत्नात त्यांची नौका पुढून उचलली जाऊन हवेत उलटली आणि त्यांचा मृत्यू झाला. ऑस्ट्रेलियाचे केन वॉर्बी यांनी ८ ऑक्टोबर १९७८ रोजी न्यू साउथ वेल्समधील ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयात 'स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया' या नौकेतून ताशी ५११.११ किमी वेग गाठला. हा जागतिक विक्रम अद्याप अबाधित आहे.

प्रतिकृती नौकांच्या क्षेत्रात प्रथम दोरीने मध्यवर्ती खांबाला बांधून वर्तुळात फिरवल्या जाणाऱ्या हायड्रोप्लेन प्रचलित होत्या. विश्वसनीय रेडिओ संच उपलब्ध झाल्यानंतर मुक्तपणे धावणाऱ्या नौकांचा प्रसार झाला. अमेरिकेतील नॉर्थ अमेरिकन मॉडेल बोट असोसिएशन आणि इंटरनॅशनल मॉडेल पॉवर बोट असोसिएशन या संघटना वेगचाचण्यांचे नियम करतात आणि विक्रमांची नोंद ठेवतात.

## कार्यतत्त्व

स्थिर नौका आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तरंगते. तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन तिच्या वजनाइतके असते. वेग वाढू लागला की नौकेच्या तिरप्या तळावर येणारे पाणी खाली लोटले जाते आणि त्याच्या प्रतिक्रियेने नौका वर उचलली जाते. विशिष्ट वेगानंतर जवळजवळ सर्व वजन हे उचलबलच पेलते. पाण्याशी संपर्कात असलेले क्षेत्रफळ झपाट्याने घटते, घर्षण कमी होते आणि नौका तळावर घसरू लागते.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते. त्यामुळे पाण्यातील प्रत्येक चौरस सेंटीमीटर क्षेत्र हवेतील तेवढ्याच क्षेत्रापेक्षा कितीतरी अधिक रोध निर्माण करते. नौकेचा जास्तीत जास्त भाग पाण्यातून काढून हवेत नेणे, हा वेग वाढवण्याचा मुख्य मार्ग आहे. परंतु नौका जितकी हवेत जाते, तितकी ती हवेच्या स्वाधीन होते. हवेचे उचलबल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. ताशी ८० किमीला शांतपणे धावणारी नौका ताशी १६० किमीला अकस्मात हवेत का उलटते, याचे उत्तर या नियमात आहे.

## रचना व प्रमुख भाग

सरळ रेषेतील वेगासाठी बहुधा आउटरिगर प्रकारची हायड्रोप्लेन वापरतात. मधला अरुंद हल (नौकेचा मुख्य देह) आणि त्यापासून दूर, आडव्या नळ्यांवर बसवलेले दोन स्पॉन्सन अशी तिची मांडणी असते. हल व स्पॉन्सन यांच्यामधील जागा मोकळी असल्याने हवा तेथून निसटून जाते आणि नौकेखाली अनावश्यक उचलबल साठत नाही. प्रत्यक्ष शर्यतीच्या नौकांसारखे रुंद, बंद आच्छादन असलेल्या प्रतिकृती दिसायला अधिक वास्तव असतात, पण त्यांच्या मोठ्या पृष्ठभागामुळे अतिवेगात त्या उलटण्याची शक्यता अधिक असते.

नौकेचे इतर प्रमुख भाग पुढीलप्रमाणे :

* आडव्या नळ्या – कार्बन तंतूच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. स्पॉन्सनचा कोन याच ठिकाणी बदलता येतो. नळ्या लवचीक असल्यास वेगात कोन आपोआप बदलतो. म्हणून त्या ताठ असणे आवश्यक असते.
* लवचीक दंड – पिळलेल्या पोलादी तारांचा असून तो मोटर किंवा इंजिनाची गती प्रोपेलरपर्यंत नेतो. भार आल्यावर त्याला पीळ बसून त्याची लांबी किंचित कमी होते. म्हणून स्ट्रट आणि प्रोपेलरला फिरवणारी खोबण यांच्यात काही मिलिमीटरची फट ठेवतात. ही फट नसेल तर दंड आखडून बेअरिंगवर दाब येतो आणि शक्ती वाया जाते.
* स्ट्रट – मागच्या बाजूस बसवलेला, प्रोपेलरचा दंड धरून ठेवणारा धातूचा आधार. याची उंची व कोन दोन्ही बदलता येतात.
* सुकाणू – पातळ पात्याचे असून प्रोपेलरच्या एका बाजूस बसवतात. बहुधा यातच थंड पाणी घेण्याचे छिद्र असते.
* वळण-पाते – स्पॉन्सनच्या बाजूस खाली उतरणारे पाते. वळताना नौका बाहेर घसरू नये म्हणून ते उपयोगी पडते. सरळ धावेत मात्र ते केवळ रोध निर्माण करते. म्हणून वेगचाचणीसाठी ते शक्य तितके लहान करतात.

## तोल आणि कोनांची जुळणी

### गुरुत्वमध्य

जुळणीची सुरुवात गुरुत्वमध्यापासून होते. आउटरिगर प्रकारात तो पुढच्या स्पॉन्सनच्या मागील कडांच्या किंचित मागे ठेवतात, जेणेकरून वजनाचा मोठा वाटा स्पॉन्सनवर आणि लहान वाटा प्रोपेलरवर येईल. तरफेच्या नियमाने हा वाटा काढता येतो. समजा, स्पॉन्सनच्या मागील कडांपासून प्रोपेलरपर्यंतचे अंतर ५०० मिमी आहे आणि गुरुत्वमध्य त्या कडांच्या १२५ मिमी मागे आहे. तर प्रोपेलरवर वजनाचा १२५/५००, म्हणजे २५ टक्के भाग येतो आणि उरलेले ७५ टक्के स्पॉन्सन पेलतात.

गुरुत्वमध्य पुढे सरकवल्यास नौका उलटण्याचा धोका घटतो, पण स्पॉन्सन पाण्यात अधिक दाबले जाऊन रोध वाढतो. तो मागे नेल्यास स्पॉन्सन हलके होतात आणि वेग वाढतो. मात्र नौकेची नाळ हवेत उचलली जाण्याची शक्यताही वाढते. विद्युत नौकेत बॅटरी हा सर्वांत जड सुटा भाग असल्याने तिची जागा बदलून हा समतोल साधतात. प्रत्येक वेळी बॅटरी त्याच जागी बसावी यासाठी हलच्या आत खुणा करून ठेवण्याची पद्धत आहे.

### स्पॉन्सनचा कोन

स्पॉन्सनचा तळ पाण्याशी किंचित तिरपा असतो. साधारणतः २ ते ४ अंशांच्या दरम्यान कोन ठेवून चाचणीस प्रारंभ करतात. कोन फार लहान असल्यास स्पॉन्सन खोल बुडून चालतात; फार मोठा असल्यास ते पाण्यावर आपटत उसळ्या घेतात. दोन्ही स्पॉन्सन सपाट काचेच्या किंवा संगमरवराच्या पृष्ठावर ठेवून मोजले जातात, कारण डोळ्यांना न दिसणारा अर्ध्या अंशाचा फरकही नौकेला एका बाजूस ओढण्यास पुरेसा असतो.

स्पॉन्सनच्या तळाच्या मागील व बाजूच्या कडा धारदार असाव्या लागतात. पाणी गोलाकार कडेला चिकटून वर वळते आणि नौकेला खाली ओढते. धारदार कडेवरून ते स्वच्छपणे सुटून जाते. रंगाचा जाड थर कडेला गोलाई आणतो. म्हणूनच रंगकाम झाल्यावर बारीक पॉलिश कागदाने कडा पुन्हा तीक्ष्ण करतात.

### स्ट्रटची उंची व कोन

स्ट्रट ही जुळणीतील सर्वांत संवेदनशील बाब होय. प्रोपेलर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण सारख्याच खोलीवर फिरण्याचा प्रयत्न करतो. त्यामुळे स्ट्रट हलच्या मानाने खाली घेतल्यास नौकेची मागची बाजू वर उचलली जाते, स्पॉन्सनचा पाण्याशी कोन घटतो आणि नाळ खाली बसते. स्ट्रट वर घेतल्यास याच्या उलट परिणाम होतो.

वर दिलेल्या उदाहरणात आधारांमधील अंतर ५०० मिमी आहे. तेथे स्ट्रट १ मिमीने वरखाली केल्यास संपूर्ण नौकेचा कोन सुमारे ०.११ अंशाने बदलतो. पूर्ण १ अंश बदलण्यास जवळजवळ ९ मिमी लागतात. यावरून बदल अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने का करतात ते लक्षात येते.

स्ट्रटच्या कोनाचा परिणाम वेगळ्या रीतीने होतो. दंडाचे प्रोपेलरकडील टोक खाली झुकलेले असल्यास रेट्याचा थोडा भाग मागच्या बाजूस वर उचलण्यात खर्च होतो आणि नाळ दबते. ते टोक वर असल्यास मागची बाजू दबते आणि नाळ हलकी होते. प्रारंभी दंड पाण्याला समांतर ठेवणे हितावह असते. उंची बदलल्यावर संपूर्ण नौकेचा कल बदलत असल्याने स्ट्रटचा कोन पुन्हा तपासावा लागतो. ही गोष्ट विसरल्यास एक बदल करताना प्रत्यक्षात दोन बदल होतात आणि चाचणीचा निष्कर्ष चुकतो.

### डावी-उजवी विषमता

मागून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्या, अर्धवट बुडालेल्या प्रोपेलरची पाण्यातील पाती उजवीकडून डावीकडे जातात. ती पाण्याला डावीकडे लोटतात. प्रतिक्रियेने नौकेची मागची बाजू उजवीकडे आणि नाळ डावीकडे वळते. पूर्ण बुडालेल्या प्रोपेलरमध्ये वरच्या व खालच्या पात्यांचा हा परिणाम बराचसा परस्परांस छेद देतो. येथे वरची पाती हवेत असल्याने तसे घडत नाही.

याशिवाय, प्रोपेलर फिरवणाऱ्या परिबलाच्या प्रतिक्रियेने हल उलट दिशेने कलतो आणि डावा स्पॉन्सन अधिक दबतो. यावर उपाय म्हणून बॅटरी किंचित उजवीकडे सरकवतात, किंवा स्ट्रट थोडा तिरपा बसवतात, किंवा डाव्या स्पॉन्सनचा कोन अल्पसा वाढवतात. केवळ सुकाणू वळवून नौका सरळ ठेवणे शक्य असते, पण वळलेले सुकाणू म्हणजे सतत लावलेला ब्रेकच होय. संपूर्ण वेगात सुकाणू मध्यावर असताना नौका सरळ धावली, तरच जुळणी योग्य मानतात.

## प्रोपेलर

प्रोपेलर एका फेऱ्यात सिद्धांतानुसार जितके अंतर पुढे जाईल त्यास पिच म्हणतात. ऑक्ट्युरा या प्रसिद्ध निर्मात्याच्या एक्स-मालिकेतील क्रमांकातच ही माहिती असते. 'एक्स ४४२' या क्रमांकातील पहिला ४ हा अंक पिच व्यासाच्या १.४ पट असल्याचे सांगतो आणि ४२ हा मिलिमीटरमधील व्यास असतो. म्हणजे पिच ४२ × १.४ = ५८.८ मिमी.

यावरून अपेक्षित वेग काढता येतो. विद्युत मोटरवर लिहिलेला केव्ही हा अंक एका व्होल्टला मिनिटास किती फेरे होतात ते दर्शवतो. २२०० केव्हीची मोटर सहा घटांच्या, २२.२ व्होल्टच्या बॅटरीवर भाराविना मिनिटास सुमारे ४८,८०० फेरे घेईल. भाराखाली ते सुमारे ४०,००० पर्यंत उतरतात असे मानल्यास :

* सैद्धांतिक वेग : ५८.८ मिमी × ४०,००० = मिनिटास २,३५२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४१ किमी
* प्रोपेलरची घसर १२ टक्के धरल्यास प्रत्यक्ष वेग : ताशी सुमारे १२४ किमी

घसर म्हणजे पिचनुसार अपेक्षित अंतर आणि प्रत्यक्ष कापलेले अंतर यांतील फरक. मोजलेला वेग आणि हिशोबाचा वेग यांत फारच तफावत आढळल्यास प्रोपेलर पुरेसा पाण्यात नाही, फेरे अपेक्षेइतके होत नाहीत किंवा नौकेचा रोध जास्त आहे, असे समजावे.

वेग वाढवण्यासाठी मोठा प्रोपेलर लावण्याचा मोह होतो. परंतु फेरे तेच ठेवल्यास लागणारी शक्ती ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घातानुसार वाढते. ४२ मिमीऐवजी ४५ मिमीचा तत्सम प्रोपेलर लावल्यास व्यास केवळ ७ टक्क्यांनी वाढतो. शक्तीची गरज मात्र सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते. मोटर व वेगनियंत्रक जळण्याच्या अनेक घटनांमागे हा साधा हिशोब दुर्लक्षिलेला असतो.

वेगचाचणीचे प्रोपेलर बहुधा बेरिलियम-तांबे या मिश्रधातूचे किंवा पोलादाचे असतात. कारखान्यातून आलेला ओतीव प्रोपेलर तसाच वापरत नाहीत. त्याची पाती घासून पातळ व धारदार करतात आणि दोन्ही पाती समतोल होईपर्यंत जड पात्यावरील धातू कमी करतात. ४२ मिमी व्यासाच्या प्रोपेलरच्या टोकाचा वेग मिनिटास ४०,००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ८८ मीटर असतो. एवढ्या वेगात अल्पशी विषमताही बेअरिंग व दंड यांना घातक ठरते. पात्याच्या मागच्या कडेला दिलेल्या बाकामुळे प्रोपेलरची पकड व उचल वाढते. उचल अधिक झाल्यास मागची बाजू वारंवार उसळते. अशा वेळी मागची कड थोडी कापून ती कमी करतात. बेरिलियमची धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून हे काम कोरडे न करता पाण्याखाली किंवा ओल्या कागदाने, तोंडाला योग्य मुखपट्टी लावूनच करणे आवश्यक असते.

## शक्तिस्रोत

विद्युत नौका : ब्रशविरहित मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी यांच्या आगमनानंतर हा प्रकार सर्वाधिक प्रचलित झाला. स्पर्धांमध्ये बॅटरीतील घटांच्या संख्येनुसार गट केले जातात. वेगचाचणीत पूर्ण शक्तीचा कालावधी काही सेकंदांचाच असतो. म्हणून अधिक धारकतेच्या जड बॅटरीपेक्षा क्षणिक मोठा प्रवाह देऊ शकणारी हलकी बॅटरी निवडतात. कोमट बॅटरीचा अंतर्गत रोध कमी असतो, त्यामुळे थंड हवेत ती मर्यादित प्रमाणात उबदार ठेवतात. प्रत्येक घटाचा दाब ४.२ व्होल्टपेक्षा अधिक होऊ देणे धोकादायक असते. मोटर व वेगनियंत्रक यांच्याभोवती नळीतून पाणी खेळवून ते थंड ठेवतात.

इंधनावरील नौका : यांत मिथेनॉल, नायट्रोमिथेन व तेल यांच्या मिश्रणावर चालणारी लहान इंजिने किंवा पेट्रोल इंजिने असतात आणि त्यांचे गट इंजिनाच्या घनक्षमतेनुसार केले जातात. निष्कास वायूंच्या दाबलहरी योग्य क्षणी सिलिंडरकडे परत धाडणारी विशिष्ट लांबीची नळी हा यांतील महत्त्वाचा भाग होय. नळी आखूड केल्यास इंजिन अधिक फेऱ्यांवर जास्तीत जास्त शक्ती देते, परंतु कमी फेऱ्यांवर अशक्त होते. वळणातून पुन्हा वेग घ्यायचा नसल्याने सरळ धावेसाठी नळी शर्यतीपेक्षा आखूड ठेवता येते.

## नौका हवेत उलटणे

नाळ थोडी वर उचलली गेली की हलच्या व स्पॉन्सनच्या तळावर हवेचा दाब वाढतो. त्या दाबाचा मध्य गुरुत्वमध्याच्या पुढे असल्याने नाळ आणखी उचलली जाते; तसे होताच दाब पुन्हा वाढतो. ही साखळी एकदा सुरू झाली की क्षणार्धात नौका मागे उलटते. चालकाला तिच्यावर प्रतिक्रिया देण्याइतका अवधी मिळत नाही. म्हणून हे संकट नियंत्रकावरील बोटांनी टाळता येत नाही. ते आधी जुळणीतच टाळावे लागते.

समोरून येणारा वारा हे याचे नेहमीचे निमित्त होय. ताशी १६० किमीने धावणाऱ्या नौकेला समोरून ताशी २० किमीचा वारा लागल्यास तिच्या दृष्टीने हवेचा वेग १८० किमी होतो आणि हवेचे उचलबल सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. शांत हवेत सीमारेषेवर जुळवलेली नौका अशा वाऱ्यात हमखास उलटते. त्यामुळे वेगचाचण्यांसाठी पहाटेची निवांत वेळ पसंत केली जाते. पाणी मात्र अगदी आरशासारखे नसले तरी चालते. सूक्ष्म तरंगांमुळे तळ व पाणी यांच्यात हवा शिरते आणि चिकटून राहण्याची प्रवृत्ती कमी होते. स्वतःच्याच आधीच्या फेरीने उठलेल्या लाटा विरल्याखेरीज पुढची फेरी घेऊ नये, हा नियम मोठ्या नौकांप्रमाणे येथेही लागू होतो.

## चाचणीची पद्धत

जुळणीचा मूलभूत नियम असा की एका वेळी एकच बदल करावा, त्याची नोंद ठेवावी आणि किमान दोन्ही दिशांनी धाव घेतल्यावरच निष्कर्ष काढावा. पहिल्या धावा लहान प्रोपेलर लावून, गुरुत्वमध्य पुढे ठेवून व अर्ध्या शक्तीने घेतात. नौका स्थिर वाटल्यावर क्रमाने शक्ती वाढवतात. सामान्यतः आढळणारी लक्षणे व त्यांवरील उपाय असे :

* नाळ हवेत तरंगते, स्पॉन्सन क्वचितच पाण्याला टेकतात – स्ट्रट किंचित खाली घ्यावा, किंवा बॅटरी पुढे सरकवावी, किंवा स्पॉन्सनचा कोन कमी करावा.
* नौका जड चालते, स्पॉन्सनमागे पाण्याचे मोठे फवारे उठतात – स्ट्रट किंचित वर घ्यावा किंवा बॅटरी मागे न्यावी.
* मागची बाजू लयीत उसळते – प्रोपेलरची उचल कमी करावी किंवा स्ट्रटचा कोन तपासावा.
* दोन्ही स्पॉन्सन आळीपाळीने आपटतात – दोहोंचे कोन समान आहेत की नाही ते पाहावे. डाव्या-उजव्या बाजूंचे वजन तपासावे.
* पूर्ण वेगात नौका एका बाजूस ओढते – सुकाणू वळवण्याआधी विषमतेची वर दिलेली कारणे दूर करावीत.

प्रत्येक धावेनंतर मोटर, वेगनियंत्रक व बॅटरी यांचे तापमान पाहतात. एखादा बदल केल्यावर वेग न वाढता तापमान वाढले, तर तो बदल शक्ती वाया घालवणारा ठरतो आणि तो मागे घेणे इष्ट असते.

## वेगमापन

उत्तर अमेरिकेतील प्रचलित पद्धतीनुसार वेगचाचणीचा मोजलेला टप्पा १/१६ मैल, म्हणजे ३३० फूट (सुमारे १००.६ मीटर) असतो. टप्प्याच्या आधी वेग घेण्यासाठी व नंतर थांबण्यासाठी मोकळे पाणी लागते. वारा व प्रवाह यांचा परिणाम समतोल व्हावा म्हणून दोन्ही दिशांनी धाव घेऊन सरासरी काढतात. एका दिशेने ताशी १६० व दुसऱ्या दिशेने ताशी १५० किमी वेग मिळाल्यास नोंद १५५ किमीची होते.

ताशी १६० किमी वेगाने हा टप्पा केवळ २.२६ सेकंदांत ओलांडला जातो. वेळ मोजण्यात ०.०५ सेकंदाची चूक झाली, तरी वेगात ताशी सुमारे ३.५ किमीचा फरक पडतो. हाताने चालवायच्या घड्याळात याहून मोठी चूक सहज होते. त्यामुळे अधिकृत नोंदीसाठी इलेक्ट्रॉनिक वेळमापन उपयुक्त ठरते. सरावात अनेक जण नौकेत लहान जीपीएस यंत्र ठेवतात. त्यावरून सर्वोच्च वेग कळतो, मात्र तो क्षणिक असून टप्प्यातील सरासरीशी त्याची तुलना करणे योग्य नव्हे.

## सुरक्षितता

प्रतिकृती हा शब्द ऐकून ही नौका खेळणे वाटण्याचा संभव असतो. ३ किलोग्रॅम वजनाच्या नौकेची ताशी १६० किमी वेगाला गतिज ऊर्जा सुमारे २,९६० जूल असते. ताशी १४० किमी वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा सुमारे १२० जूल असते. म्हणजेच अशी नौका तशा चेंडूच्या जवळजवळ २५ पट ऊर्जेने आदळते, आणि तिला टोकदार नाळ व धारदार प्रोपेलर असतात. पोहणारे, होडीतून फिरणारे किंवा मासेमारी करणारे लोक असलेल्या जलाशयात अशी नौका चालवणे सर्वथा अयोग्य होय. प्रेक्षकांना मार्गाच्या टोकांशी, नौकेच्या धावेच्या रेषेत उभे राहू देऊ नये.

पाळावयाची अन्य पथ्ये पुढीलप्रमाणे :

* रेडिओ संदेश खंडित होताच मोटर बंद पडेल वा इंजिनाची गती उतरेल अशी व्यवस्था ग्राहकसंचात करून, प्रत्येक वेळी ती किनाऱ्यावरच तपासावी.
* बॅटरी जोडलेली असताना प्रोपेलरजवळ हात नेऊ नये. प्रोपेलरची धार मोटर बंद असतानाही बोट कापू शकते.
* लिथियम-पॉलिमर बॅटरी देखरेखीविना प्रभारित करू नये. फुगलेली, टोचली गेलेली किंवा नौकेत पाणी शिरून भिजलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.
* हलच्या आत तरंगणारा फोम भरावा आणि झाकणाच्या कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात, म्हणजे उलटलेली नौका बुडत नाही.
* बंद पडलेली नौका आणण्यासाठी पोहत जाऊ नये. त्यासाठी छोटी होडी व तरंगणारे जाकीट घातलेली व्यक्ती किनाऱ्यावर सज्ज ठेवावी.